मदत हवी आहे: वळणावर हेडलाइटचा काळा पट्टा समोरच्या गाडीच्या मागे पडतोय

दिवाभीत
डोकं आउट झालंय, कुणी यात काम केलेलं असेल तर पटकन सांगा. हाय रेझोल्युशन, म्हणजे हजारो बारीक पिक्सेलच्या हेडलाइटचा कंट्रोल लिहितोय. अप्पर कायम चालू ठेवायचा, समोर गाडी आली की तेवढ्याच भागातले पिक्सेल विझवायचे, बाकी रस्ता उजळलेला, एवढं साधं काम आहे. सरळ रस्त्यावर झकास चालतं. वळणावर मात्र काळा पट्टा मागे राहतो आणि समोरच्या ड्रायव्हरच्या तोंडावर पूर्ण झोत. ट्रॅकवर समोरची गाडी चालवणारा आता मला शिव्या घालतो. डिटेक्शन (कॅमेऱ्याने गाडी ओळखणं) बरोबर आहे, स्क्रीनवर चौकट गाडीवरच दिसते. लेटन्सी (गाडी दिसल्यापासून पिक्सेल विझेपर्यंतचा वेळ) मोजलीय, ठीक आहे. मग चुकतंय कुठे? लवकर सांगा प्लीज, पुढच्या आठवड्यात दाखवायचंय.

ढोबळमानाने
ठीक आहे म्हणजे किती? कॅमेरा किती फ्रेमचा, एक पिक्सेल किती अंशाचा, गाडीचा वेग काय, वळणाची त्रिज्या काय, वळण डावं की उजवं, वाहतूक रस्त्याच्या कुठल्या बाजूने, काही म्हणजे काहीच लिहिलं नाहीये आणि वर लवकर सांगा.

अप्पर_डिप्पर
साहेब जास्त वॅटचा बल्ब टाका, मधे रिले बसवा, वायरिंग जाड घ्या. मी स्वतः केलंय, मस्त उजेड पडतो. आणि पिवळाच घ्या, मला तोच आवडतो.

कोपरखळी
अहो त्यांना उजेड कमी पडत नाहीये, जास्त पडतोय. तोही दुसऱ्याच्या डोळ्यात.

अप्पर_डिप्पर
मग डिप्पर मारायचा. एवढ्यासाठी कॅमेरा कशाला लागतो?

दिवाभीत
@ढोबळमानाने घ्या. मॉड्यूल ३२० बाय ८० पिक्सेलचं, दोन्ही दिव्यांत एकेक. एक पिक्सेल साधारण ०.१ अंश. कॅमेरा सेकंदाला ३० फ्रेम. वेग दोन्ही गाड्यांचा ताशी ५४ किमीच्या आसपास, वळण १०० मीटर त्रिज्येचं. वाहतूक डावीकडून. डाव्या वळणावर त्रास जास्त, उजव्यावर जवळजवळ नाहीच, हे मला अजिबात कळत नाही कारण कोड दोन्हीकडे एकच आहे. लेटन्सी ९० मिलिसेकंद.

जुनाजाणता
माझं स्पष्ट मत, इतके पिक्सेल लागतच नाहीत. ऑडीने २०१३ मध्ये ए८ ला मॅट्रिक्स दिवे दिले ते एका दिव्यात २५ एलईडींवर. मर्सिडीजने नंतर ८४ केले. तेवढ्यात काम होत होतं ना? मग २०१८ ला त्यांच्याच मायबाखमध्ये दिव्यामागे दहा लाखांवर बारीक आरसे लावले, आता रस्त्यावर चिन्हं काढतात. पट्टा रुंद करा, दोन्ही बाजूंनी एकेक अंश वाढवा, प्रश्न मिटला.

ढोबळमानाने
जुनाजाणता, एकेक अंश म्हणजे यांचे दोन्हीकडचे दहा-दहा पिक्सेल. ५० मीटरवर गाडीच मुळात दोन अंशाची दिसते, तिला चार अंशाचा पट्टा घातला तर २५,६०० पिक्सेल विकत घेऊन ८४ वाला दिवा बनवला असं होईल.

पण तुमच्या म्हणण्यात एक गोष्ट खरी आहे, जाड पिक्सेलच्या दिव्यात ही भानगड झाकली जायची. पिक्सेलच एक-दीड अंशाचा असला की अर्ध्या अंशाची चूक कुणाला दिसणार? रेझोल्युशन वाढलं की सिस्टीममधला सगळा ढिलेपणा उघडा पडतो.

@दिवाभीत, डावं-उजवं का वेगळं ते सांगतो. वाहतूक डावीकडून, वळण डावं. समोरची गाडी लांब असताना तुमच्या डाव्या हाताला दिसते, कारण रस्ताच तिकडे वळलाय, आणि शेजारून जाते तेव्हा उजवीकडून जाते. म्हणजे अख्ख्या काचेवरून डावीकडून उजवीकडे सरकते. तुमची गाडी डावीकडे फिरतेय त्यामुळे ती आणखी उजवीकडे पळते, दोन्ही गोष्टींची बेरीज होते. उजव्या वळणावर त्या एकमेकींना खातात, म्हणून तिथे कोड शहाणा वाटतो. १५ मीटर प्रतिसेकंद भागिले १०० मीटर म्हणजे सेकंदाला ८.६ अंश, वर लेनचं अंतर साडेतीन मीटर धरून ५० मीटरवर आणखी सव्वादोन-अडीच. सेकंदाला ११ अंश धरा. ९० मिलिसेकंदात एक अंश. तुमचा पट्टा नक्की किती मागे पडतो?

दिवाभीत
व्हिडिओवरून मोजलं तर अडीच अंशाच्या आसपास. म्हणजे पट्टा गाडीच्या अख्खा बाहेर.

ढोबळमानाने
मग ९० मध्ये बसत नाही. दीड अंश कुठून आला? कुठेतरी आणखी दीडशे मिलिसेकंद दडलेत. लेटन्सी मोजली कशी?

ग्यानबा
काल्मन फिल्टर लावा, आधीचा अंदाज आणि नवं माप यांचा मेळ तो घालतो. बाकी कशाच्या नादी लागू नका.

रात्रपाळी
त्याऐवजी सरळ न्यूरल नेटवर्कला पुढच्या अर्ध्या सेकंदाची पोझिशनच शिकवा. डेटा भरपूर असेल तर गणिताची गरज नाही.

ग्यानबा
दोन गाड्या एका वळणावर, त्याला नेटवर्क? आणि रात्री अचानक एक झोत विझला तर का विझला हे कुणाला विचारणार?

रात्रपाळी
तुमचा काल्मन सांगतो वाटतं का विझला ते.

ग्यानबा
हो. कोव्हेरियन्स, म्हणजे त्याला स्वतःच्या अंदाजाची किती खात्री आहे ते बघा, सांगतो.

दुचाकीस्वार
अवांतर होईल पण लिहितोच. या हुशार दिव्यांच्या गाड्या समोरून आल्या की बाईकवाल्याला बऱ्याचदा गाडी समजतच नाहीत, पूर्ण अप्पर तोंडावर. ट्रक आला की लगेच विझतात. आम्ही माणसं नाही का? आणि अप्पर कायम चालू ठेवणं मुळात कायद्यात बसतं का?

जुनाजाणता
देशोदेशी वेगळं आहे. युरोपात हे दिवे बऱ्याच वर्षांपासून चालतात. अमेरिकेत मात्र २०२२ च्या फेब्रुवारीपर्यंत परवानगीच नव्हती, मग तिथल्या वाहन सुरक्षा खात्याने, एनएचटीएसएने, १०८ नंबरचा नियम बदलला. त्यात वळणावरच्या चाचण्या पण आहेत बरं का. समोरच्या गाडीवर ३० ते ६० मीटरच्या टप्प्यात १.८ लक्सपेक्षा (लक्स म्हणजे पडणाऱ्या प्रकाशाचं माप) जास्त पडता कामा नये, ६० ते १२० मध्ये ०.६. त्यामुळे दिवाभीत, व्हिडिओवर अंश मोजत बसण्यापेक्षा समोरच्या गाडीत लक्समीटर ठेवा. व्हिडिओत कॅमेऱ्याचं एक्स्पोजर खेळ करतं, पट्टा काळा दिसतो आणि प्रत्यक्षात तिथे भरपूर प्रकाश असतो.

अप्पर_डिप्पर
माझ्या गाडीत ऑटो हायबीम आहे, तो आपोआप लागतो. बंद कसा करायचा?

दिवाभीत
लेटन्सी अशी मोजली: अंधारात कॅमेऱ्यासमोर एक एलईडी पेटवला, तिथेच फोटोडायोड ठेवला, एलईडी पेटल्यापासून हेडलाइटचा तो भाग विझेपर्यंत वेळ घेतला. पुन्हा पुन्हा करून बघितलं, ९० च येतं. यात कॅमेरा, डिटेक्शन, डेटा नेणारी बस, दिव्याचं ड्रायव्हर सर्किट सगळं आलं. काल्मन नाहीये, साधं स्मूदिंग आहे कारण त्याशिवाय पट्टा थरथरतो.

ढोबळमानाने
आता कळलं घोडं कुठे पेंड खातंय. स्मूदिंग कसलं? नवी पोझिशन गुणिले अल्फा अधिक जुनी गुणिले उरलेलं, असंच ना? अल्फा किती?

दिवाभीत
०.३. पण ते ९० मध्ये धरलंच गेलंय ना, सगळा मार्ग मोजलाय मी.

ढोबळमानाने
नाही धरलं गेलं. स्थिर एलईडी अचानक पेटला की नवा ट्रॅक, म्हणजे त्या वस्तूची नवी नोंद, तयार होतो आणि फिल्टर पहिल्याच मापावर सुरू होतो, त्याला जुनी पोझिशनच नसते मागे ओढायला. तुमची चाचणी फिल्टरला बायपास करते. सरकणाऱ्या वस्तूला हा फिल्टर एक वजा अल्फा भागिले अल्फा इतक्या फ्रेम मागे ठेवतो, म्हणजे ०.७ भागिले ०.३, सव्वादोन-अडीच फ्रेम. ३० फ्रेमला ७८ मिलिसेकंद. तरीही दीडशे होत नाहीत, बरोबर निम्मे होतात, आणि बरोबर निम्मे आले की मला संशय येतो. कॅमेरा खरंच प्रत्येक फ्रेमला समोरचे हेडलाइट बघतो का?

दिवाभीत
एक फ्रेम लहान एक्स्पोजर, एक मोठं. हेडलाइट लहान एक्स्पोजरमध्ये, टेललाइट मोठ्यात, कारण एकाच एक्स्पोजरमध्ये हेडलाइट पांढरे ढब्ब होतात नाहीतर टेललाइट दिसतच नाहीत. हे सगळेच करतात, म्हणून लिहिलं नाही.

ढोबळमानाने
म्हणजे हेडलाइटसाठी तुमचा कॅमेरा १५ फ्रेमचा आहे. ७८ चे १५६ झाले. ९० मिळवा, २४६. गुणिले ११ अंश, २.७. तुम्ही मोजले अडीच. मिटलं.

कोपरखळी
धाग्याची वाचनखूण साठवली. "सगळेच करतात म्हणून लिहिलं नाही" हे प्रत्येक मदत धाग्याच्या वर ठळक अक्षरात लावायला हवं.

ग्यानबा
मी आधीच म्हटलं होतं काल्मन लावा.

ढोबळमानाने
ग्यानबा, नुसतं काल्मन म्हणून भागत नाही हो. स्थिर वस्तूचं मॉडेल घातलंत तर तोही तितकाच मागे पडेल, फक्त गणित भारी दिसेल. मॉडेलमध्ये वेग हवा, आणि आपली गाडी किती फिरतेय ते जायरोवरून (वळण्याचा वेग मोजणारा सेन्सर) थेट हवं. ते कॅमेऱ्याकडून शिकत बसायचं नाही, जायरोला आधीच माहीत असतं. आणि पोझिशन आत्ताची काढून उपयोग नाही, पिक्सेल प्रत्यक्षात विझेल त्या क्षणाची काढायची. वेळेचा शिक्का एक्स्पोजरच्या मधल्या क्षणाचा मारायचा, मेसेज पोचला तेव्हाचा नाही. स्क्रीनवर चौकट गाडीवर दिसते म्हणून फसू नका, स्क्रीनवरचं चित्रही तितकंच जुनं असतं.

जुनाजाणता
आणि विझवताना घाई, पेटवताना सावकाश. तुम्ही दोन्हीला एकच फेड (हळूहळू विझण्या-उजळण्याचा वेळ) दिला असेल तर ते पण बघा. पट्ट्याची पुढची कड लगेच विझायला पाहिजे, मागची हळू उजळली तरी कुणाचं बिघडत नाही. थरथर पण त्यानेच निम्मी कमी होते. माझ्या मते अजूनही पुढच्या बाजूला अर्धा अंश जास्त द्याच, फिल्टर कितीही शहाणा असला तरी समोरचा ब्रेक मारतो.

ढोबळमानाने
पुढच्या बाजूला अर्धा चालेल. माझं भांडण दोन्ही बाजूंच्या एक अंशाशी होतं.

दिवाभीत
आत्ताच ट्रॅकवरून आलो. फिल्टर काढला, जायरो जोडला. डाव्या वळणावर ५० मीटरला पट्टा गाडीवरच राहतोय, पुढची कड थोडी कमी पडते तिथे अर्धा अंश दिला. थरथर आहे पण फेड वेगवेगळे केल्यावर सुसह्य आहे. पण आता नवीनच. गाडी २०-२५ मीटरवर आली की डाव्या दिव्याचा झोत ड्रायव्हरवर जातो, सरळ रस्त्यावर पण. उजवा दिवा बरोबर. हे आधी पण असणार, मोठ्या गोंधळात दिसत नव्हतं. डावा दिवा वाकडा बसलाय का? लांबच्या भिंतीवर चौकट टाकून बघितली तर दोन्ही जुळतात.

अप्पर_डिप्पर
भिंतीपासून दहा मीटरवर गाडी लावा, दिव्याच्या उंचीपेक्षा कट ऑफ, म्हणजे उजेडाची वरची कड, दहा सेंटीमीटर खाली आला पाहिजे. नसेल तर मागचा स्क्रू फिरवा. हे मला येतं.

जुनाजाणता
हे तुम्ही बरोबर सांगितलंत, एक टक्का उतार. पण ते डिप्परच्या खाली-वरचं झालं, यांचं आडवं बिघडलंय.

ढोबळमानाने
स्क्रूला हात लावू नका. लांबच्या भिंतीवर जुळतं आणि जवळ बिघडतं म्हणजे पॅरॅलॅक्स, बघायची जागा बदलली की कोन बदलतो. कॅमेरा काचेच्या मधोमध, दिवा त्याच्या बाजूला साधारण ६५ सेंटीमीटर आणि पुढे. १०० मीटरवर त्याचा फरक ०.४ अंश, २० मीटरवर जवळजवळ १.९. उजवीकडून येणारी गाडी डाव्या दिव्याला कॅमेऱ्यापेक्षा जास्त उजवीकडे दिसते. दोन्ही दिव्यांना एकच कोन पाठवताय का?

दिवाभीत
हो, कोनांचं एकच टेबल दोन्हीकडे जातं.

ढोबळमानाने
मग प्रत्येक दिव्याचा कोन त्याच्या जागेवरून वेगळा काढा. उजवा दिवा बरोबर वाटतो कारण तिथे उरलेली लेटन्सी आणि पॅरॅलॅक्स उलट दिशेला आहेत, डाव्याला एकाच दिशेला. उजव्याचा पट्टा पण सरकलेलाच असणार, लक्समीटर ठेवा म्हणजे दिसेल. पण यासाठी अंतर लागतं, ते कुठून काढता?

दिवाभीत
समोरच्या दोन दिव्यांमधल्या अंतरावरून. दीड मीटरच्या आसपास धरतो.

दुचाकीस्वार
आणि एकच दिवा असला तर?

ढोबळमानाने
हा आज या धाग्यावरचा सगळ्यात कामाचा प्रश्न आहे. एक दिवा म्हणजे अंतर नाही. दोन जवळचे दिवे म्हणजे जवळची बाईक का लांबची गाडी तेही कळत नाही. अशा वेळी अंदाज मारायचा नाही, १५ मीटर धरून येणारा कोन आणि १५० धरून येणारा कोन, दोन्हींच्या मधला सगळा भाग विझवायचा. पट्टा रुंद होईल. होऊ दे. बाईक थोडी जवळ आली की दिवा चित्रात किती वेगाने खाली सरकतो त्यावरून अंतर सापडायला लागतं, मग अरुंद करा.

जुनाजाणता
म्हणजे शेवटी रुंद पट्टाच.

ढोबळमानाने
बाईकसाठी, हो.

दिवाभीत
करतो. दोन वेगळी टेबलं आज रात्रीच लावतो, एका दिव्याचं उद्या, बाईक कुणाकडून तरी मागावी लागेल. पुढची लॉग टाकतो, अंतरासकट.

अप्पर_डिप्पर
ऑटो हायबीमचं कुणी सांगितलंच नाही.

कोपरखळी
गाडीचं मॅन्युअल बघा, लाइट्सचं पान. आणि गाडी कुठली ते लिहा आधी.