मदत हवी आहे : आईचा कॉन्ट्रास्ट सीटी स्कॅन आणि मधुमेहाच्या गोळ्या

सर्वांना नमस्कार. माझ्या आईला (वय ६८) पोटाचा कॉन्ट्रास्ट सीटी स्कॅन सांगितला असून तो येत्या गुरुवारी आहे. तिला पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे, ती रोज मेटफॉर्मिन घेते आणि तिचे क्रिएटिनिन (मूत्रपिंड किती नीट काम करते हे दाखवणारी रक्ततपासणी) मागच्या वेळी १.६ आले होते. कॉन्ट्रास्ट, म्हणजे स्कॅनचे चित्र स्पष्ट दिसावे म्हणून शिरेतून दिले जाणारे आयोडीनयुक्त औषध, मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, आणि मूत्रपिंडाचे काम फारच मंदावलेले असेल तर मेटफॉर्मिन थांबवून ४८ तासांनी पुन्हा रक्त तपासून मगच ते सुरू करतात, एवढे मला ठाऊक आहे. परंतु वेळ ठरवताना केंद्रातील कर्मचाऱ्यांनी फक्त 'चार तास उपाशी या' एवढेच सांगितले. गोळ्यांबद्दल किंवा मूत्रपिंडाबद्दल एका शब्दानेही विचारले नाही, याची मला खरोखर काळजी वाटते.

ज्यांच्या घरी असा प्रसंग आला आहे त्यांनी, किंवा आपल्यापैकी कोणी रेडिओलॉजीत काम करत असल्यास त्यांनी, कृपया सांगावे की क्रिएटिनिनचा अहवाल किती दिवसांपूर्वीपर्यंतचा चालतो, उपाशीपोटी साखर उतरू नये म्हणून सकाळच्या गोळ्यांचे काय करावे आणि कॉन्ट्रास्टशिवाय स्कॅन किंवा सोनोग्राफी पुरेल का, हा प्रश्न रेडिओलॉजिस्टना विचारावा की स्कॅन लिहून देणाऱ्या डॉक्टरांना. गोळ्यांचा अंतिम निर्णय आम्ही डॉक्टरांना विचारूनच घेऊ. दोन वर्षांपूर्वीच्या स्कॅनची सीडी आमच्याकडे आहे; तुलनेसाठी ती सोबत न्यावी, की छापील अहवाल पुरेसा होतो?