चेहऱ्याऐवजी खूण घडवा

मातीच्या लॉकेटवर गणपतीचा चेहरा नीट उमटत नाही? मग चेहऱ्याचा हट्टच सोडा! कोल्हापुरी साज हा गळ्यातला दागिना बघा. प्रचलित मांडणीत २१ पानं, म्हणजे छोटी पदकं: १० दशावतारांची, ८ अष्टमंगलाची म्हणजे शुभचिन्हांची, माणिक नि पाचूचं एकेक आणि एक ताईत. तिथे विष्णू मासा-कासवाच्या इवल्याशा आकारातून गळ्यात येतो, आणि किती देखणा दिसतो! मधले मणी आतून लाखेने भरतात, त्यामुळे पातळ पत्राही चेपत नाही.

गणपतीसाठी नुसता एक सुळा पुरे. शंकरासाठी मला त्रिशूळापेक्षा चंद्रकोर आवडते. फक्त टोकं किंचित गोल घासा, नाहीतर ओढणीचे धागे निघतात.