निकॉन एफ लेन्सेस सोनी ई माउंटवर: अ‍ॅडॉप्टरची कमी जाडी आणि तिरकेपणा यांबाबत मदत हवी आहे

नमस्कार. माझ्याकडे हाताने फोकस करण्याच्या तीन जुन्या निक्कोर एआय-एस लेन्सेस आहेत: २८ मिमी एफ/२.८, ५० मिमी एफ/१.८ आणि १०५ मिमी एफ/२.५. सध्या मी त्या सोनीच्या फुल-फ्रेम मिररलेस कॅमेऱ्यावर, लेन्स कॅमेऱ्याला जोडणाऱ्या, आत काच नसलेल्या साध्या अ‍ॅडॉप्टरने वापरतो. १०५ मिमीने काढलेली व्यक्तिचित्रे पाहून मला मनापासून आनंद झाला आहे. अडचण आहे ती मुख्यतः २८ मिमीची.

एफ माउंटच्या (निकॉनच्या लेन्स-जोडणीच्या) कड्यापासून फिल्मपर्यंतचे अंतर ४६.५ मिमी आणि ई माउंटपासून (सोनीच्या जोडणीपासून) सेन्सरपर्यंतचे १८ मिमी असल्यामुळे अ‍ॅडॉप्टरची जाडी २८.५ मिमी असायला हवी. डिजिटल कॅलिपरने चार ठिकाणी मोजल्यावर ती २८.३५ ते २८.४१ मिमी भरली. जाडी जास्त झाली तर दूरची वस्तू फोकसमध्ये येतच नाही, म्हणून अनेक उत्पादक ती मुद्दाम थोडी कमी ठेवतात, हे मला मान्य आहे. परंतु या तुटीचा परिणाम सर्व लेन्सेसवर सारखा होत नाही. नाभीय अंतराच्या (लेन्सच्या नावातील मिमीच्या आकड्याच्या) वर्गाला तुटीने भागले, की फोकस रिंगवरच्या कोणत्या अंतरावर अनंत फोकस, म्हणजे अगदी दूरच्या वस्तूवरचा फोकस, मिळेल ते साधारण कळते. सरासरी तूट ०.१२ मिमी धरली, तर १०५ मिमीसाठी हे अंतर सुमारे ९२ मीटर येते आणि ते जाणवतही नाही; ५० मिमीसाठी ते २१ मीटर येते, आणि २८ मिमीसाठी मात्र अवघे साडेसहा मीटर. प्रत्यक्षातही मला जवळजवळ तसेच आढळले. शिवाय या २८ मिमी लेन्समध्ये जवळच्या अंतरासाठी आतील भिंगगट वेगळा सरकण्याची सोय आहे, त्यामुळे डोंगररांग टिपत असताना तो गट साडेसहा मीटरच्या जागी बसलेला असतो. कोपरे मऊ दिसण्यात याचा वाटा किती असेल, हा माझा पहिला प्रश्न आहे.

दुसरी आणि अधिक त्रासदायक बाब तिरकेपणाची, म्हणजे लेन्स सेन्सरला समांतर न बसण्याची आहे. २८ मिमी लेन्सने एफ/२.८ वर चौकटीची उजवी कड धूसर येते. त्या कडेवर फोकस केला, की ती स्वच्छ होते आणि डावी कड धूसर होते. ५० मिमी लेन्स पूर्ण उघडी ठेवल्यावरही तीच बाजू कमी स्पष्ट दिसते, आणि कॅमेऱ्याच्या मूळ लेन्सने मात्र दोन्ही कडा सारख्या येतात. यावरून दोष लेन्सचा किंवा सेन्सरचा नसून अ‍ॅडॉप्टरचा आहे, असे मी समजतो. या तर्कात काही उणीव राहिली असल्यास कृपया सांगावे.

अ‍ॅडॉप्टरचे लेन्सकडील कडे चार स्क्रूंनी बसवलेले आहे. ते काढून त्याखाली पितळेच्या पातळ पत्र्याच्या चकत्या घालाव्यात, असा विचार आहे. मात्र साध्या कॅलिपरची अचूकताच सुमारे ०.०२ मिमी असते, आणि मला दुरुस्त करायचा फरक आहे ०.०६ मिमी, म्हणून केवळ मोजमापावर विसंबून चकत्या कापणे मला योग्य वाटत नाही. त्याऐवजी दूरच्या वस्तूची छायाचित्रे घेऊन, चारही कडा तपासत टप्प्याटप्प्याने जाडी वाढवणे बरे का? एका बाजूस जास्त जाडी दिल्यास स्क्रू आवळताना कडे वाकण्याचा धोका कितपत असतो? आणि ॲल्युमिनियम २० अंशांच्या फरकाने या जाडीला सुमारे ०.०१ मिमी प्रसरण पावते, हे लक्षात घेऊन एकूण तूट किती शिल्लक ठेवावी? मी ०.०३ मिमी ठेवण्याच्या मताचा आहे.

शेवटी एक लहान शंका. अ‍ॅडॉप्टरची आतील भिंत काळी असली तरी चकचकीत आहे, आणि आकाश उजळ असताना चित्राच्या मध्यभागी राखाडी पडदा आल्यासारखे दिसते. आत काळा मखमली कागद चिकटवण्याचा उपाय मी वाचला आहे, पण त्याचे तंतू सुटून सेन्सरवर बसतील अशी भीती वाटते. ज्यांनी असा कागद किंवा मॅट काळा रंग वर्षभर तरी वापरला आहे, त्यांनी अनुभव सांगितल्यास कडे उघडल्यावर तेही काम एकाच वेळी उरकता येईल.