ईएसआयसीचा (कर्मचारी राज्य विमा महामंडळाचा) बेरोजगारी भत्ता : नोंदीत ‘नोकरी सोडली’ असे लिहिले असल्यास अर्ज कसा करावा?

नमस्कार.

माझा धाकटा भाऊ हिंगणघाट परिसरातील एका सूतगिरणीत कंत्राटदारामार्फत तीन वर्षे कामाला होता. पोळ्यानंतर गिरणीने एक पाळी बंद केली आणि त्या पाळीतील सर्वांना ‘उद्यापासून येऊ नका’ असे तोंडी सांगण्यात आले. लेखी काहीच मिळाले नाही. पगारातून दरमहा ०.७५ टक्के ईएसआयसीची कपात होत असे आणि त्याचा १० अंकी विमा क्रमांक आमच्याकडे आहे.

तालुक्याच्या एका ऑनलाइन केंद्रावर ‘बेरोजगारी भत्ता’ म्हटल्याबरोबर तेथील मुलाने महास्वयम या राज्य सरकारच्या रोजगार संकेतस्थळावर भावाची नोंदणी केली आणि आता खात्यात पैसे येतील, असे सांगितले. दीड महिन्याने कळले की ती नोंदणी केवळ नोकरी शोधणाऱ्यांची असते. सोयाबीनची सोंगणी सोडून दोन दिवस त्यासाठी घालवले होते, याची हळहळ वेगळीच.

आता १ जुलै २०१८ पासून लागू झालेल्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेतून अर्ज करायचा आहे. सरासरी दैनिक मजुरीच्या निम्मी रक्कम जास्तीत जास्त ९० दिवस मिळते, म्हणजे भावाची मजुरी दिवसाला ४०० रुपये धरली तर सुमारे १८,००० रुपये होतात, आणि आमच्यासाठी ही रक्कम लहान नाही. परंतु ईएसआयसीच्या संकेतस्थळावर कंत्राटदाराने शेवटच्या महिन्यात कामाचे शून्य दिवस दाखवून ‘नोकरी सोडली’ असे कारण भरले आहे, आणि स्वतःहून काम सोडणाऱ्याला हा लाभ मिळत नाही. अर्जावर सही मागितली तर तो ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणतो. त्याच्या सहीशिवाय अर्ज करता येईल का? शिवाय गावातील जिनिंगमधल्या (कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यातल्या) एकाला ही योजना लागूच नाही असे सांगण्यात आले. आमचेही तसेच होईल का?

प्रतिसाद :

जिनिंगची चिंता करू नका. कपाशीचे जिनिंग हंगामी कारखान्यांत मोडते आणि त्यांना ईएसआय कायदाच लागू नाही. सूतगिरणीचे तसे नाही, आणि तुमच्या भावाची तर कपातही झालेली आहे.

कंत्राटदाराच्या सहीसाठी थांबू नका. २०२० च्या बदलानंतर अर्ज मालकामार्फत पाठवावा लागत नाही. नोकरी गेल्यापासून ३० दिवस झाल्यावर विमाधारक स्वतः संकेतस्थळावर तो भरू शकतो आणि पडताळणी ईएसआयसीचे शाखा कार्यालय करते. आधार व बँक पासबुकाची प्रत जोडावी. प्रतिज्ञापत्राची अटही त्याच वर्षी काढण्यात आली. मात्र त्याआधी अंशदानाचे (विम्याच्या वर्गणीचे) दिवस तपासा : किमान दोन वर्षे विमा असावा, लगतच्या आधीच्या अंशदान कालावधीत ७८ दिवस आणि त्याआधीच्या तीनपैकी एका कालावधीत ७८ दिवस भरलेले असावेत. हे कालावधी एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे असतात.

खरी अडचण कारणाचीच आहे. कामगार कपातीसाठी संकेतस्थळावरील कारणांच्या यादीत वेगळा पर्याय असतो, त्यामुळे ते कारण दुरुस्त करावे असे कंत्राटदाराला लेखी कळवा आणि तेच पत्र गिरणीलाही द्या, कारण कंत्राटी कामगारांच्या अंशदानाची जबाबदारी कायद्याने मुख्य मालकावरही असते. दोन्ही पत्रांच्या पोचपावत्या आणि त्याच पाळीतील इतरांचे अर्ज शाखा कार्यालयात एकत्रच न्या. पाळी बंद झाल्याने काम गेले, हे एकट्याने सांगण्यापेक्षा दहा जणांनी मिळून सांगितलेले अधिक पटते.

धागाकर्ता :

आभारी आहे. पाळीतले सात जण आमच्याच पंचक्रोशीतले आहेत. पत्र सर्वांच्या सह्यांनी देतो आणि पोच मिळाली की येथे कळवतो.