डिलनने इलेक्ट्रिक गिटार घेतली म्हणून त्याने लोकसंगीत सोडलं, हे मला पटत नाही

सहावी तार

अमेरिकी गायक-गीतकार बॉब डिलनचा 'हायवे ६१ रिव्हिजिटेड' हा अल्बम ३० ऑगस्ट १९६५ रोजी आला. त्याआधी पाच आठवडे, २५ जुलैला, तो न्यूपोर्टच्या फोक, म्हणजे लोकसंगीताच्या, महोत्सवात इलेक्ट्रिक गिटार घेऊन बॅंडसह मंचावर आला आणि श्रोत्यांतल्या बऱ्याच जणांनी त्याची हुर्यो उडवली. तेव्हापासून एकच कहाणी ऐकू येते: अन्यायाविरुद्ध गाणारा पोरगा प्रसिद्धीच्या मागे लागला आणि आपल्या माणसांना सोडून गेला. परवा मित्रांच्या बैठकीत पुन्हा तेच ऐकलं आणि राहवेना, म्हणून हा धागा.

आधी हा हायवे ६१ कुठला ते बघा. डिलनचा जन्म मिनेसोटातल्या डुलुथचा. तेव्हा हा रस्ता कॅनडाच्या सीमेवरून निघून डुलुथमार्गे, पुढे मिसिसिपी नदीची सोबत करत थेट न्यू ऑर्लिन्सपर्यंत जायचा. वाटेत क्लार्क्सडेल लागतं, म्हणजे ब्लूज या काळ्या अमेरिकी लोकांच्या संगीताचं माहेर. ब्लूज गायिका बेसी स्मिथचा १९३७ मधला जीवघेणा अपघात याच रस्त्यावरचा. ब्लूज गायक मडी वॉटर्स त्याच मुलखातून १९४३ साली शिकागोला गेला. तिथल्या बारमधल्या कल्लोळात साधी गिटार ऐकू येईना, म्हणून त्याने इलेक्ट्रिक घेतली. म्हणजे लोकसंगीतात वीज आणली ती लोकांनीच, पोटासाठी शहरात गेलेल्या शेतमजुरांनी. या अल्बमवर गिटार वाजवणारा माइक ब्लूमफील्ड शिकागोच्याच त्या बारमधून शिकला होता. डिलनने अल्बमला नाव दिलं ते या रस्त्याचं. लोकसंगीताकडे पाठ फिरवणारा माणूस असं नाव कशाला देईल?

आणि ध्वनी म्हणाल तर अल्बममधल्या 'लाइक अ रोलिंग स्टोन' या गाण्यातला ऑर्गन नीट ऐका. १६ जून १९६५, न्यूयॉर्कचा कोलंबिया स्टुडिओ. अल कूपर हा एकवीस वर्षांचा गिटारवादक नुसता बघायला आला होता. ब्लूमफील्डचा हात ऐकून त्याने स्वतःची गिटार गुपचूप बाजूला ठेवली आणि ऑर्गनवर जाऊन बसला. ते त्याचं वाद्यच नव्हे. बाकीच्यांनी कॉर्ड बदलली की ती ऐकून मग त्याचा हात पडतो, त्यामुळे ऑर्गन सगळीकडे कणभर मागून येतो. निर्माता टॉम विल्सन त्याला ऑर्गनवादक मानायला तयार नव्हता. डिलनने मात्र ऑर्गनचा आवाज वाढवायला सांगितला. असं एकमेकांचं ऐकत वाजवणं मला ओसरीवर जमलेल्या माणसांच्या गाण्याच्या फार जवळचं वाटतं.

पाणवठा

ठाम असहमत. विजेचा मुद्दा तुम्ही छान मांडलात, पण दुखणं तिथे नाहीच.

जुलै १९६३ मध्ये हाच डिलन मिसिसिपीतल्या ग्रीनवुडजवळ एका शेतावर गायला. काळ्या लोकांच्या मतदार नोंदणीसाठी तिथे सभा होती, लोकगायक पीट सीगरही होता. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या मेडगर एव्हर्सचा खून होऊन महिनाही झाला नव्हता. डिलनने त्या खुनावरचं गाणं तिथे, त्याच लोकांसमोर म्हटलं आणि ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनच्या मोर्चात पुन्हा म्हटलं. दोन वर्षांनी आलेल्या या अल्बममध्ये काय आहे? 'लाइक अ रोलिंग स्टोन'मध्ये घसरणीला लागलेल्या एका श्रीमंत मुलीला सहा मिनिटं विचारणं, की आता कसं वाटतंय? १९६५ च्या मार्चमध्ये अलाबामातल्या सेल्माच्या पुलावर पोलिसांनी मतदान हक्कासाठी निघालेल्या मोर्चेकऱ्यांना झोडपलं, ६ ऑगस्टला मतदान हक्काच्या कायद्यावर सही झाली, व्हिएतनाममध्ये सैन्य वाढत होतं. यातल्या कशालाही थेट शब्द नाही. गाण्यातलं 'आपण' गेलं आणि 'तू' आलं. लोकगीत म्हणजे जे ऐकणारा घरी नेतो आणि दुसऱ्या दिवशी चार माणसांत म्हणतो. हा अल्बम घरी नेऊन फक्त ऐकता येतो.

सहावी तार

'आपण' गेलं, हे मान्य. पण ते कधी गेलं? ऑगस्ट १९६४ मध्ये त्याचा चौथा अल्बम आला. त्यात त्याच्या हातात साधीच गिटार आहे, ड्रम नाहीत, बॅंड नाही, आणि चळवळीची गाणी तरीही संपलेली आहेत. 'सिंग आउट!' या लोकसंगीताच्या मासिकाच्या आयर्विन सिल्बर यांनी, तू लोकांपासून तुटत चाललास म्हणून, त्याला जाहीर पत्र लिहिलं ते नोव्हेंबर १९६४ मध्ये, न्यूपोर्टच्या आठ महिने आधी. मग राग गिटारीवर का काढायचा?

उत्तररात्र

न्यूपोर्टबद्दल थोडं. त्या श्रोत्यांना आपण फार सहज अडाणी ठरवतो. बॅंडची तालीम झाली होती जेमतेम एक रात्र. आवाज फाटत होता, शब्द कळत नव्हते. पीट सीगरने आवाजाची वायर तोडायला कुऱ्हाड मागितली ही दंतकथा सगळ्यांना पाठ, पण शब्द ऐकू येत नाहीत म्हणून चिडलो होतो, असं त्यांनी स्वतः पुढे सांगितलं आहे. ज्याच्या शब्दांसाठी माणसं लांबून आली, त्याचेच शब्द पोचत नसतील तर तक्रार रास्त आहे. त्यात बॅंडसोबत गाणी झाली फक्त तीन. आणि त्याच महोत्सवात पॉल बटरफील्डचा ब्लूज बॅंड विजेवरच वाजवून गेला, त्याचं लोकांनी कौतुक केलं. तेव्हा विजेचा विटाळ होता म्हणून हुर्यो झाली, हे अर्धंच खरं.

पुढच्या वर्षी मॅंचेस्टरमध्ये त्याला 'जूडास', म्हणजे येशूचा विश्वासघात करणारा, म्हणून कुणीतरी ओरडलं, ती गोष्ट वेगळी. तिथे मात्र मी डिलनच्या बाजूने.

पेपिनकाठ

मी अकरा वर्षं मिनेसोटात राहते. रेड विंगपासून विनोनापर्यंत ६१ नंबरच्या रस्त्याने नेहमी जाणं होतं, एका हाताला नदी आणि दुसऱ्या हाताला उंच कडे. इथल्या माणसांना डिलन रॉककडे 'वळला' असं वाटतच नाही. तो वाढला हिबिंगला, लोखंडाच्या खाणींच्या गावात. शाळेत त्याचा रॉक अँड रोलचा बॅंड होता, आणि शाळेच्या वार्षिकात त्याने पुढची इच्छा लिहिली होती: लिटल रिचर्डच्या बॅंडमध्ये जायचं. फोक त्याच्याकडे नंतर आलं.

पाणवठा, तुमच्या 'थेट शब्द नाही' या म्हणण्यावर एक सांगते. अल्बममधलं शेवटचं गाणं, 'डेसोलेशन रो', अकरा मिनिटांचं. त्यात ड्रम नाहीत, साध्याच गिटारी आहेत. त्याच्या पहिल्याच ओळीत फाशीच्या चित्रांची पोस्टकार्डं विकली जाताहेत, आणि लगेच पुढे सर्कस गावात येते. १५ जून १९२० ला डुलुथमध्ये जमावाने सर्कशीत काम करणाऱ्या तीन काळ्या तरुणांना खोट्या आरोपावरून दिव्याच्या खांबाला लटकवलं. इलायस क्लेटन, एल्मर जॅक्सन, आयझॅक मॅगी. त्यांच्या मृतदेहांभोवती उभ्या राहिलेल्या गर्दीचा फोटो पोस्टकार्ड म्हणून विकला गेला. डिलनचे वडील तेव्हा लहान होते आणि डुलुथमध्येच राहत होते. २००३ पासून तिथे त्या तिघांचं स्मारक आहे. भिंतीतून पुढे आलेले पुरुषभर उंचीचे पुतळे आहेत. मी तिथे उभी राहिले होते तेव्हा एक बाई आपल्या मुलीला ती नावं मोठ्याने वाचून दाखवत होती. ती ओळ मला तेव्हापासून नुसती कल्पना म्हणून ऐकता येत नाही.

सहावी तार

हे मला इतक्या तपशिलात माहीत नव्हतं. मनापासून आभार.

पाणवठा

मलाही माहीत नव्हतं. 'कशालाही थेट शब्द नाही' असं मी इतक्या ठामपणे लिहायला नको होतं. गाणं आज रात्री पुन्हा ऐकणार आहे.

पण पेपिनकाठ, ग्रीनवुडच्या त्या शेतातल्या माणसाने हे गाणं ऐकलं असतं, तर त्यातलं डुलुथ त्याला कळलं असतं का? एव्हर्सच्या गाण्यातलं नाव त्याच्या ओळखीचं होतं. माझं भांडण अजून तिथेच आहे.