हात टेकलेले नाहीत

वर एकाने लिहिलंय की गावाकडच्या म्हाताऱ्या माणसांची श्रद्धा म्हणजे नशिबापुढे टेकलेले हात. मला हे अजिबात पटत नाही. मी परळला राहतो, माझी आत्या माण तालुक्यात. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला भाग. त्याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाऊस कोसळतो आणि माणला आभाळ नुसतं येऊन जातं. १९७२च्या दुष्काळात तिने सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडली, तिथे मदत म्हणून वाटलेल्या सुकडीवर दिवस काढले. आता पंच्याहत्तरी ओलांडली तरी मृगाआधी बाजरीचं बी पाखडून ठेवते, शिखर शिंगणापूरच्या महादेवाला हात जोडते, आणि लगेच बांध नीट करायला माणूस शोधते. मुंबईला ये म्हटलं की, "जनावरांकडं कोण बघंल रं?" एवढंच. मला तरी यात हार दिसत नाही, उलट पुढच्या पावसावरचा हक्क दिसतो.

खरा त्रास वेगळाच आहे. तिच्या शेजारणीला गरीब म्हाताऱ्यांसाठीच्या सरकारी श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० रुपये मिळतात, पण ते काढायला दुखऱ्या गुडघ्यांनी एसटी गाठून तालुक्याच्या बँकेत जावं लागतं. आपण मुंबईकरांनी गावी गेल्यावर निदान ही खेप तरी करावी.