मिशनच्या शाळेत शिकलेल्या बायका : अनुभव धागा

सावित्रीबाई फुले नगरला मिस फरार यांच्याकडे शिकवायचं शिकल्या, हे वाक्य जयंतीच्या भाषणात हमखास येतं. पुढे कोणी बोलत नाही. सिंथिया फरार अमेरिकन मराठी मिशनतर्फे १८२७ साली मुंबईत आल्या, १८३९ला नगरला गेल्या आणि १८६२ साली तिथेच वारल्या. अविवाहित बाईला एवढ्या लांब धाडणं त्या मिशनलाही नवंच होतं. त्यांची नगरची शाळा बघून आल्यावर जोतीरावांनी १८४८ला पुण्यात मुलींची शाळा काढली.

तुमच्या किंवा घरातल्या बायकांच्या वाट्याला आलेली मिशनची शाळा इथे लिहा. तक्रारही चालेल, फक्त शाळेचं नाव नको.

नगरहून :
आई मिशनच्या बोर्डिंगात वाढली. आजोबा गावकुसाबाहेरचे, घरात अक्षर कोणालाच येत नव्हतं. बोर्डिंगात पहाटे घंटा, मग झाडलोट, भाकरीची पाळी. संध्याकाळी पेटी आणि टाळांवर ना. वा. टिळकांची भजनं. चाली अभंगाच्या, देव तेवढा येशू. आईला त्यात कधी काही वेगळं वाटलं नाही. शिवणाच्या बाई कापड हातात आलं की आधी उलटं करायच्या. मागच्या बाजूला दोरा लोंबला की सगळं उसवायला लावत. आई आजही दुकानात साडी न बघता ब्लाउजची शिलाई आतून बघते, दुकानदार वैतागतो. पण सोसायटीचं कर्ज असो की सातबारा, गल्लीतले पुरुष कागद घेऊन तिच्याकडेच येत.

मुंबईहून :
आमचं घर सोवळ्याचं. पणजी गिरगावातून मिशनच्या शाळेत जायची. परत आली की शाळेचं लुगडं मागच्या दारी, अंघोळ, मगच स्वयंपाकघर. इंग्रजी शिकलेली चालायची, पण शाळेत पाणी प्यायलेली नाही! पणजी म्हणे शाळेत पाणी प्यायचीच.

नाव नको :
मी बोर्डिंगवाली. आमची फी परदेशातले लोक भरायचे, म्हणून नाताळच्या आधी आभाराचं पत्र. मजकूर फळ्यावर असे, आम्ही उतरवायचा : ‘मी आनंदात आहे, घरी सगळे खुशाल.’ त्या वर्षी वडील गेले होते. मी तसं लिहिलं तर कागद फाडून दुसरा दिला. दहावी त्याच पैशांवर झाली, हे नाकारत नाही. राग मात्र अजून आहे.

पुण्याहून :
‘सगळं धर्मांतरासाठीच होतं’ असं कोणीतरी म्हणणारच, म्हणून आधीच लिहितो. हेतू तोच होता, मिशनने लपवलाही नाही. पण फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेचा ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ हा निबंध १८५५ साली छापला तो मिशनच्याच ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाने. माझी आजी मिशनमध्ये शिकली, सकाळ-संध्याकाळ प्रार्थना म्हणत होती आणि लग्नानंतर पंढरीची वारी करत राहिली. मिशनच्या हिशोबात ती वाया गेलेली विद्यार्थिनी असणार.